अधूनमधून सुरू न होणारा संगणक : बिघाडाचा शोध कसा घ्यावा

एखादे यंत्र कायमचे बंद पडले, तर त्याचे निदान करणे तुलनेने सोपे असते. बिघाड समोर हजर असतो, हवा तितका वेळ तो टिकून राहतो, आणि एकेक भाग तपासत गेले की दोषी भाग केव्हा तरी हाती लागतोच. परंतु जे यंत्र आज चालते, उद्या अडून बसते आणि परवा जणू काही झालेच नव्हते अशा थाटात पुन्हा चालू लागते, ते मालकाला आणि कारागिराला सारखेच हैराण करते. टेबलावरील संगणकाच्या बाबतीत हा अनुभव पुष्कळांना येतो. सकाळी कळ दाबली असता आतील पंखा किंचित हलून थांबतो. पाच-सहा वेळा दाबल्यावर संगणक एकदाचा सुरू होतो व नंतर दिवसभर बिनतक्रार काम करतो. दुपारी कारागीर येतो, तेव्हा तो पहिल्याच दाबाला सुरू होतो आणि तक्रार करणाराच खोटा ठरतो.

अशा वेळी ‘यंत्र लहरी आहे’ असे म्हणून लोक स्वतःचे समाधान करून घेतात. वस्तुतः यंत्राला लहर नसते. कधी कधी घडणारी गोष्टही नियमानेच घडते; मात्र ती ज्या अटीवर घडते, ती अट पाहणाऱ्याला ठाऊक नसते. ती अट शोधून काढणे हेच अशा बिघाडाच्या निदानातील मुख्य काम होय. ते न करता अंदाजाने भाग बदलत गेल्यास पैसा जातो, वेळ जातो आणि बिघाड मात्र जागच्या जागी राहतो.

आधी दोन गोष्टींची सावधगिरी

पहिली गोष्ट माहितीच्या रक्षणाची. ज्या संगणकाचा भरवसा वाटत नाही, तो सुरू झालेला असतानाच त्यातील महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत दुसऱ्या ठिकाणी करून ठेवावी. यंत्राचा भाग पुन्हा विकत मिळतो. विद्यार्थ्यांच्या नोंदी, हिशेब किंवा छायाचित्रे मिळत नाहीत. निदानाला प्रारंभ होतो तो या प्रतीपासून.

दुसरी गोष्ट जिवाच्या रक्षणाची. केबिनेट उघडण्यापूर्वी प्लग भिंतीच्या सॉकेटमधून पूर्णपणे काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. ज्या पेटीत घरातील वीज संगणकाला योग्य अशा कमी दाबाच्या विजेत रूपांतरित होते, ती पेटी, म्हणजे बाजारात ‘एसएमपीएस’ या नावाने ओळखला जाणारा भाग, सामान्य माणसाने कधीही उघडू नये. आपल्या देशातील घरगुती वीज २३० व्होल्टची असते. तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर होताना या पेटीतील मोठ्या धारित्रावर ३०० व्होल्टहून अधिक दाब साठतो, आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ तेथे राहू शकतो. या पेटीची परीक्षा बाहेरून, अथवा तिच्या जागी चांगली म्हणून माहीत असलेली दुसरी पेटी जोडून, करावयाची असते.

कळ दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत

बिघाड कोठे आहे हे ओळखण्यासाठी सुरू होण्याची क्रिया कोणत्या क्रमाने घडते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. जुन्या संगणकांत दर्शनी कळ थेट घरच्या विजेचा मार्ग जोडत किंवा तोडत असे. १९९५ साली इंटेल या कंपनीने ‘एटीएक्स’ नावाची रचना प्रसिद्ध केली आणि पुढे टेबलावरील बहुसंख्य संगणकांनी ती स्वीकारली. या रचनेत दर्शनी कळ ही केवळ विनंती करणारी कळ असते. वीज सुरू करण्याचे काम इतर भाग करतात.

प्लग लावून सॉकेटचे बटण चालू केले की कळ दाबण्यापूर्वीच एसएमपीएसमधील एक छोटा विभाग जागा होतो व मदरबोर्डाला ५ व्होल्टचा अल्प पुरवठा करू लागतो. यास राखीव पुरवठा म्हणता येईल. कळ दाबताच मदरबोर्ड एसएमपीएसला संकेत देतो. त्याबरोबर १२, ५ व ३·३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू होतात. ते आपल्या ठरीव मर्यादेत, म्हणजे साधारणतः पाच टक्क्यांच्या कमी-अधिक फरकात, स्थिरावले की एसएमपीएस ‘पुरवठा ठीक आहे’ असा संकेत परत पाठवतो. या संकेताला सेकंदाच्या एक दशांशापासून अर्ध्या सेकंदापर्यंत वेळ लागतो. तो येईपर्यंत मुख्य प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, थोपवून धरलेला असतो.

संकेत मिळाल्यावर प्रोसेसर मदरबोर्डावर कायम साठवलेल्या सूचना वाचू लागतो. तो स्मृती, म्हणजे रॅम, तपासतो; पडद्याची यंत्रणा जागी करतो; आणि सर्व ठीक असल्यास डिस्क शोधून तीवरील संचालन-प्रणालीकडे, उदाहरणार्थ विंडोज किंवा लिनक्सकडे, कारभार सोपवतो. ही आत्मपरीक्षेची पद्धत १९८१ साली बाजारात आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातही होती. सर्व ठीक असल्यास त्या यंत्रातून एकच आखूड ‘बीप’ असा आवाज येत असे. पुढे अनेक मदरबोर्डांत आवाजांच्या किंवा छोट्या दिव्यांच्या खुणांनी दोषाचे स्थान सांगण्याची सोय झाली.

बिघाड कोणत्या पायरीवर अडतो?

हा क्रम ध्यानात ठेवला म्हणजे ‘संगणक सुरू होत नाही’ या एका वाक्यात निरनिराळे चार-पाच बिघाड लपलेले असतात, हे दिसून येते.

कळ दाबूनही दिवा, पंखा, आवाज यांपैकी काहीच होत नसेल, तर सॉकेट, प्लगची तार, राखीव पुरवठा किंवा दर्शनी कळ यांच्याकडे पाहावे. सैल झालेला सॉकेट व जुना एक्स्टेन्शन बोर्ड हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गुन्हेगार होत.

पंखा हलून लगेच थांबत असेल, तर पुरवठे स्थिरावण्यापूर्वीच क्रिया मोडते आहे. येथे संशय एसएमपीएसवर, मदरबोर्डाच्या वीजविभागावर किंवा कोठे तरी झालेल्या विद्युत्-लघुपथावर, म्हणजे शॉर्टवर, जातो. संगणक सुरू होऊन सुमारे चार सेकंदांनी अचूक बंद होत असेल, तर दर्शनी कळ आत अडकून राहते काय हे पाहावे. कारण कळ तितका वेळ दाबून धरणे म्हणजे ‘बंद हो’ अशी आज्ञा देणे, असाच या रचनेचा संकेत आहे.

पंखे व्यवस्थित फिरतात, पण पडदा काळा राहतो, अशी स्थिती असेल तर रॅम, पडद्याची तार अथवा खुद्द पडदा यांचा विचार करावा. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडा व तिची खाच यांमध्ये धुळीचा वा घामाचा सूक्ष्म थर बसतो. प्लग काढून, केबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज घालवून, पट्टी काढून पुन्हा नीट बसवल्यास तो दोष पुष्कळदा जातो. नव्या यंत्रांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२० साली प्रमाणित झालेल्या ‘डीडीआर ५’ जातीची रॅम प्रथमच बसवली असता तिची जुळणी करण्यास संगणक काही मिनिटेही घेतो, आणि तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. हा बिघाड नव्हे.

पडद्यावर मदरबोर्डाचे चिन्ह उमटून मग गाडी अडत असेल, तर दोष डिस्क वा संचालन-प्रणाली यांत असण्याचा संभव अधिक. त्याच्या आधीच्या पायऱ्यांवर अडणाऱ्या संगणकात विंडोज पुन्हा बसवणे म्हणजे पाय मुरगळला असता चष्मा बदलण्यासारखे आहे. तरीही हा खर्च अनेकांना करावा लागतो, याचे कारण बिघाड कोणत्या पायरीवर अडतो हे कोणी विचारलेलेच नसते.

‘कधी कधी’ म्हणजे नेमके केव्हा?

पायरी कळल्यावर अट शोधावयाची. त्यासाठी लागणारे साधन म्हणजे एक वही. तिच्यात प्रत्येक वेळची तारीख व वेळ, खोलीचे उष्णतामान, संगणक किती तास बंद होता, त्या काळात सॉकेटचे बटण चालू होते की बंद, आणि कळ दाबल्यावर काय घडले, एवढे लिहावे. संगणक सुरू झाला तरीही नोंद करावी. केवळ अपयशांची नोंद ठेवणाऱ्याला अट कधीच सापडत नाही. कारण यश कोणत्या परिस्थितीत मिळाले, हे त्याला कळत नाही.

उदाहरणादाखल उत्तर हिंदुस्थानातील एखाद्या शाळेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. दिवस जानेवारीचे, सकाळी खोलीचे उष्णतामान ८ ते १० अंश सेल्सिअस. तीन आठवड्यांत १८ सकाळी संगणक सुरू केला गेला. त्यांपैकी ६ सकाळी पंखा हलून थांबला. एवढ्यावरून ‘तीनांत एकदा बिघडतो’ यापलीकडे काही म्हणता येणार नाही. परंतु वहीतील दुसरा रकाना पाहता असे दिसते की, शिपायाने रात्री सॉकेटचे बटण बंद केले होते अशा सकाळी ९ होत्या आणि सर्व ६ अपयशे त्यांतलीच. उरलेल्या ९ रात्री बटण चुकून चालू राहिले होते; त्या प्रत्येक सकाळी संगणक पहिल्याच दाबाला सुरू झाला.

लहर वाटत होती ती येथे नाहीशी होते. बिघाडाचा संबंध राखीव पुरवठ्याशी आहे, एवढे निश्चित झाले. परंतु या पुराव्यात दोन कारणे सारखीच बसतात. एक, मदरबोर्डावरील नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी. प्लगमधून वीज मिळत असेल तोवर तिच्यावर भार नसतो. वीज तुटली की संगणकाचे घड्याळ व काही मांडणी तिच्या आधारावर जिवंत राहते, आणि ती क्षीण झाली असता काही मदरबोर्ड सुरू होण्यास कुचराई करतात. दुसरे कारण एसएमपीएसमधील म्हातारी झालेली धारित्रे. रात्रभर राखीव विभाग चालू राहिला तर ती थोडी उबदार राहतात. तो बंद राहिला तर खोलीइतकी थंड होतात.

दोन कारणांतून एक निवडण्यासाठी, त्या दोन कारणांवरून जेथे निरनिराळे परिणाम निघतील, असा प्रयोग शोधावा लागतो. येथे तो सोपा आहे. रात्री बटण बंद ठेवून सकाळी संगणकाचे घड्याळ पाहावे. ते बरोबर असेल तर बॅटरी आपले काम करीत आहे. शिवाय, रात्री बटण बंद ठेवून संगणक सकाळी न लावता, उन्हाने खोली २४ अंशांपर्यंत तापल्यावर दुपारी लावावा. दोष क्षीण बॅटरीचा असेल, तर अधिक तास वीज तुटल्यामुळे तो कायम राहावयास हवा. दोष थंडीचा असेल, तर तो नाहीसा व्हावयास हवा. समजा, घड्याळ बरोबर निघाले आणि तीन निरनिराळ्या दुपारी संगणक तिन्ही वेळा बिनतक्रार सुरू झाला. आता संशय धारित्रांवर येऊन ठेपतो. कारागीर नेमका दुपारी येत असल्यामुळे त्याला बिघाड का दिसला नाही, याचाही उलगडा होतो.

धारित्रांचे वार्धक्य

विद्युत् विलेपी धारित्रात, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये, ॲल्युमिनिअमच्या पातळ पत्र्यांमध्ये एका द्रावणात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. विजेच्या पुरवठ्यातील चढउतार शोषून तो सपाट करणे हे त्याचे काम. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे द्रावण हळूहळू उडून जाते व धारित्राचा अंतर्गत रोध वाढतो. उष्णतामान १० अंशांनी वाढले की अशा धारित्राचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा अभियंत्यांचा स्थूल नियम आहे. द्रावण थंड झाले म्हणजे त्यातील विद्युत्-कणांची हालचाल मंदावते आणि रोध आणखी वाढतो. तरुण धारित्राला ही वाढ सोसते. म्हाताऱ्याला सोसत नाही. मग पुरवठा स्थिरावत नाही, ‘ठीक आहे’ हा संकेत जात नाही, आणि पंखा हलून थांबतो. वारंवार कळ दाबल्याने धारित्रांतून प्रवाह जाऊन ती किंचित तापतात, आणि म्हणूनच पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला संगणक सुरू होतो. यंत्राने हट्ट सोडला असे वाटते, ते एवढ्यावरूनच.

हा दोष काल्पनिक नाही. सुमारे १९९९ पासून पुढील सात-आठ वर्षे बाजारात आलेल्या अनेक मदरबोर्डांत व वीजपेट्यांत सदोष द्रावणाची धारित्रे शिरली होती. त्यांतील पाण्याची ॲल्युमिनिअमशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन वायू निर्माण होई आणि धारित्रांची डोकी फुगत वा फुटत. जगभर असंख्य संगणक त्यामुळे अकाली निकामी झाले. मदरबोर्डावरील धारित्रांची डोकी सपाट आहेत की फुगीर, हे प्लग काढून केबिनेट उघडल्यावर नुसत्या डोळ्यांनीही पाहता येते. डोके सपाट असले म्हणजे धारित्र निर्दोष, असे मात्र समजू नये. द्रावण सुकलेले धारित्र बाहेरून नवे दिसू शकते.

बिघाड मुद्दाम घडवून आणावा

अधूनमधून घडणाऱ्या दोषाविरुद्ध एक प्रभावी उपाय आहे, तो म्हणजे त्याला मुद्दाम प्रकट करणे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९५१ साली कार्यान्वित झालेल्या ‘व्हर्लविंड’ या संगणकात हजारो निर्वात नलिका होत्या. त्यांपैकी एखादी केव्हा दगा देईल, याचा नेम नसे. जे फॉरेस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नलिकांचा विद्युत्-दाब परीक्षेच्या वेळी मुद्दाम कमी-अधिक करण्याची पद्धत योजली. सुदृढ नलिका या ताणाला टिकत, दुबळ्या लगेच उघडकीस येत आणि प्रत्यक्ष कामात अपयश येण्यापूर्वीच बदलल्या जात.

शाळेच्या कार्यालयातही हेच तत्त्व लागू पडते. बिघाड थंडीत होतो हे कळल्यावर कारागिराला दुपारी बोलावण्यात अर्थ नाही. सॉकेट रात्रभर बंद ठेवून त्याला सकाळी बोलवावे. उन्हाळ्यात, संगणक तासभर चालल्यावर मगच पुन्हा सुरू होत नसेल, तर उलट, तो तापलेला असतानाच परीक्षा करावी. आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी. रॅम, तार आणि एसएमपीएस एकदम बदलल्यावर संगणक सुधारला, तर तिघांतील चांगले दोन भाग निष्कारण फेकले जातात, आणि शिकायला काहीच मिळत नाही.

सुधारला, हे कशावरून?

एसएमपीएस बदलला, दुसऱ्या दिवशी संगणक सुरू झाला. काम झाले काय? येथे थोडे गणित उपयोगी पडते. अट ठाऊक नसताना बिघाड तीनांत एकदा होत होता. म्हणजे काहीही दुरुस्ती न करता सलग तीन सकाळी यश मिळण्याचा संभव दोन-तृतीयांशाचा घन, ८/२७, म्हणजे जवळजवळ ३० टक्के आहे. तीन दिवसांच्या यशावरून निर्धास्त होणारा माणूस दहांतून तीनदा फसेल. हा संभव ५ टक्क्यांच्या खाली आणण्यासाठी सलग ८ सकाळी यश पाहावे लागेल. दहांत एकदाच होणाऱ्या बिघाडासाठी तर सलग २९ वेळा.

परंतु अट सापडल्यावर चित्र बदलते. बटण बंद असलेल्या थंड सकाळी बिघाड ९ पैकी ६ वेळा, म्हणजे तीनांत दोनदा होत होता. अशा तीन सकाळी सलग यश योगायोगाने मिळण्याचा संभव १/२७, म्हणजे ४ टक्क्यांहून कमी. जे काम आठ दिवसांत होत होते, ते आता तीन दिवसांत होते. वहीतील एका रकान्याचे मोल ते एवढे. मूळच्या ९ सकाळींच्या नोंदी थोड्याच असल्याने हे आकडे स्थूल मानावेत. दिशा मात्र त्यांतून स्पष्ट होते. नवा एसएमपीएस तीन थंड सकाळी टिकला, की जुना पुन्हा जोडून बिघाड परत येतो काय तेही एकदा पाहावे. परत आला, तर निदान पक्के झाले. या अखेरच्या पायरीचा कंटाळा बहुतेकांना येतो. पण ती टाळल्यास, प्लग काढून घालताना एखादी सैल जोडणी घट्ट बसल्यामुळेच यंत्र सुधारले असेल, ही शंका तशीच शिल्लक राहते.

आपोआप आलेला दोष आपोआप गेला, असे जेथे वाटते तेथे तो गेलेला नसतो; ज्या अटीवर तो प्रकट होतो, ती अट त्या वेळी हजर नसते इतकेच. परीक्षेचे अर्ज पाठवण्याच्या अखेरच्या सकाळी ती पुन्हा हजर होऊ शकते. म्हणून संगणक पुन्हा सुरू झाला या आनंदात वही मिटू नये. त्या सकाळचे उष्णतामान आणि सॉकेटच्या बटणाची स्थिती लिहून ठेवावी, आणि मगच कामाला लागावे.